मोबाइलवर इंटरनेट सुरू, संगणकावर बंद. दोष नेमका कोणाचा?

अकरावी प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी आमच्या इमारतीतील एका घरात संगणकावरचे इंटरनेट बंद पडले. वडिलांनी सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. पलीकडच्या मुलाने फारशी विचारपूस न करता 'राउटरच्या मागच्या छिद्रात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरा' असा सल्ला दिला. तो तंतोतंत पाळला गेला. तोपर्यंत घरातील मोबाइलवर तरी वाय-फाय सुरू होते. त्यानंतर तेही गेले. अर्ज अखेर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून भरावा लागला आणि घरची जोडणी पूर्ववत होण्यास दोन दिवस लागले. मूळ दोष राउटरचा नव्हताच. संगणकाला राउटरशी जोडणाऱ्या तारेची पिन सैल झाली होती, एवढेच.

राउटर बंद करून पुन्हा सुरू करणे आणि तो 'रीसेट' करणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या कृतीने काहीही पुसले जात नाही. दुसऱ्या कृतीने मात्र राउटर कारखान्यातून आला त्या अवस्थेत जातो. वाय-फायचे नाव व पासवर्ड जातोच. शिवाय अनेक जोडण्यांमध्ये कंपनीने दिलेले 'युजरनेम' आणि पासवर्ड राउटरमध्येच भरलेले असतात, तेही जातात. ते पुन्हा भरल्याशिवाय इंटरनेट येत नाही. त्यामुळे ही माहिती हाताशी नसेल, तर टाचणीला हात लावू नये.

बिघाड शोधायचा तर इंटरनेट घरात कसे येते, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. बाहेरून 'फायबर'ची बारीक तार एका पेटीत येते, पेटीतून राउटरमध्ये आणि राउटरमधून तारेने किंवा वाय-फायने संगणकात. अलीकडे पेटी आणि राउटर बहुधा एकाच उपकरणात असतात. या साखळीतील कोणता दुवा तुटला आहे, एवढाच खरा प्रश्न असतो. सगळ्यांत सोपी परीक्षा म्हणजे दुसरे उपकरण. मोबाइलवर त्याच वाय-फायने इंटरनेट चालत असेल, तर कंपनी आणि राउटर बहुतांशी निर्दोष ठरतात व संशय संगणकावर येतो. मात्र परीक्षा घेताना मोबाइलचा 'डेटा' बंद करण्यास विसरू नये. वाय-फायमध्ये इंटरनेट नसेल तर मोबाइल गुपचूप सिमकार्डाच्या डेटावर जातो आणि आपली पुरती फसगत होते.

कोणत्याच उपकरणावर काही चालत नसेल, तर पेटीवरचे दिवे पाहावेत. 'एलओएस' असे लिहिलेला दिवा लाल दिसत असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशाचा संदेशच पेटीपर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. फायबरची तार कोठे दबली वा दुमडली आहे का, एवढे पाहावे आणि तक्रार नोंदवावी. घरात बसून याहून अधिक काही करता येत नाही.

आता संगणकाकडे वळू. तारेने जोडलेला असेल तर तार दोन्ही टोकांना काढून 'टक्' असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवावी. बसवल्यावर खाचेजवळचा छोटा दिवा लागला पाहिजे. न लागल्यास राउटरची दुसरी खाच, मग दुसरी तार वापरून पाहावी. पावसाळ्यात विजा कडाडून गेल्यावर हा दिवा कायमचा विझला असेल, तर संगणकाची खाच जळाली असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी 'यूएसबी'ला लावायचा वाय-फायचा छोटा तुकडा घेतला तरी काम भागते. मदरबोर्ड बदलण्याची घाई करू नये. लॅपटॉप असेल तर चुकून 'एअरप्लेन मोड'ची कळ दाबली गेली नाही ना, हेही पाहावे.

दिवा लागतो, वाय-फायही जोडलेले दिसते आणि तरीही पान उघडत नाही, अशी स्थिती असेल तर संगणकाचा 'आयपी अॅड्रेस' पाहणे हा खरा उपाय. घरातील प्रत्येक उपकरणाला ओळखीसाठी एक क्रमांक लागतो. तो वाटण्याचे काम राउटर करतो. संगणक सुरू होताच 'मला क्रमांक द्या' अशी हाक देतो आणि राउटर ठरावीक मुदतीसाठी एक मोकळा क्रमांक त्याच्या नावे लावतो. 'विंडोज'मध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून त्यात 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजीत सलग लिहून 'एंटर' दाबल्यास हा क्रमांक दिसतो. 'आयपीव्ही४' असे लिहिलेली ओळ तेवढी वाचावी.

तेथे १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर निम्मे निदान झाले. हा क्रमांक राउटरने दिलेला नसतो. हाक देऊनही उत्तर न आल्याने संगणकाने तो स्वतःच स्वतःला घेतलेला असतो. म्हणजे तुटलेला दुवा संगणक आणि राउटर यांच्यामध्येच आहे. तार, खाच, वाय-फायचा बदललेला पासवर्ड यांतच दोष शोधावा. पासवर्ड नुकताच बदलला असेल, तर संगणकाला त्या वाय-फायची जुनी नोंद 'फर्गेट' करायला लावून नव्याने जोडावे.

याउलट १९२.१६८ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर संगणक व राउटर यांची बोलणी बहुधा सुरळीत आहेत. खात्रीसाठी त्याच खिडकीत 'पिंग' लिहून, एक जागा सोडून, 'डीफॉल्ट गेटवे'समोर दिसणारा राउटरचा क्रमांक लिहावा. उत्तर आले की पुढचा टप्पा: 'पिंग' आणि ८.८.८.८. हा गुगलच्या, २००९ पासून सर्वांसाठी खुल्या असलेल्या सेवेचा क्रमांक आहे. येथूनही उत्तर येते, पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, असे झाल्यास दोष 'डीएनएस'चा. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक सांगणारी ही यंत्रणा म्हणजे इंटरनेटची दूरध्वनी निर्देशिकाच. कंपनीची निर्देशिका बंद पडली असेल, तर संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'डीएनएस'च्या रकान्यात हाच ८.८.८.८ लिहून काम सुरू करता येते. राउटर उत्तर देतो आणि बाहेरून मात्र काहीच येत नाही, असे असेल तर चेंडू कंपनीच्या अंगणात आहे.

काही गुन्हेगार मात्र अनपेक्षित असतात. कार्यालयात वापरलेल्या लॅपटॉपमध्ये तिथला क्रमांक कायमचा लिहून ठेवलेला असतो; घरच्या राउटरशी तो जुळत नाही. क्रमांक आपोआप घेण्याचा 'डीएचसीपी' हा पर्याय निवडला की अडचण दूर होते. कार्यालयाचा 'प्रॉक्सी' किंवा 'व्हीपीएन' सुरू राहिला तरी हाच घोळ. जुन्या संगणकाला ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय दिसतच नाही. त्याच्यासाठी राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झचे सुरू ठेवावे लागते. नवा राउटर आणल्यावर इंटरनेट येत नसेल, तर स्थानिक केबलचालकाने जुन्या राउटरचा 'मॅक अॅड्रेस' नोंदवून ठेवलेला असू शकतो. त्याला फोन करून नवा कळवावा.

आणि घड्याळ! बरेच महिने बंद असलेला डेस्कटॉप सुरू केला, इंटरनेट आले, पण प्रत्येक संकेतस्थळ 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाही, असा अनुभव आला तर पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. मदरबोर्डवरची 'सीआर २०३२' ही नाण्याएवढी बॅटरी संपली की संगणक काही वर्षे मागे जातो. संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना मुदत असते. चुकीच्या तारखेमुळे ती संगणकाला अवैध वाटतात. तारीख दुरुस्त केली की पाने उघडतात. बॅटरी मात्र बदलावीच लागते. ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. तिच्यासाठी तंत्रज्ञाला घरी बोलावून त्याच्या फेरीचे पैसे मोजलेले लोक मी पाहिले आहेत.

यातले काही लागू पडले नाही, तर मदत केंद्राला फोन करताना तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: पेटीवरील दिव्यांची स्थिती, संगणकाचा क्रमांक कशाने सुरू होतो आणि कोणत्या 'पिंग'ला उत्तर आले नाही. हे सांगितल्यावर टाचणीचा सल्ला सहसा मिळत नाही. जोडणीचे युजरनेम व पासवर्ड आजच विचारून घेऊन कागदावर लिहावेत आणि तो कागद वीजबिलाच्या फायलीत ठेवावा. इंटरनेट बंद असताना ई-मेलमध्ये जपलेला पासवर्ड सापडत नाही.