चिमणीचा धूर खाली कधी उतरतो?

चंद्रपुरात किंवा नागपूरजवळ कोराडीला हिवाळ्यात भल्या पहाटे थर्मलकडे बघितलंय कधी? चिमणीतून निघालेला धूर थोडा वर जातो आणि मग इस्त्री फिरवल्यासारखा आडवा, सपाट पसरतो. दुपारी तोच धूर कोलांट्या मारत वरखाली होतो. चिमणी तीच, कोळसा तोच. बदललेली असते ती हवा.

धूर वर का जातो, हे सोपं आहे. चिमणीबाहेर पडताना तो सव्वाशे-दीडशे अंशांच्या आसपास गरम असतो, म्हणजे भोवतालच्या हवेपेक्षा हलका. त्यामुळे चिमणीच्या तोंडापासून आणखी बराच वर चढतो. पण चढता चढता बाजूची गार हवा आत ओढून घेतो, निवतो आणि थांबतो. वारा जोरात असेल तर त्याआधीच वाकतो.

आता खरी गंमत. एरवी वर जावं तशी हवा गार होत जाते. पण हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं थंड पडते, तिला टेकलेली हवा गारठते आणि वरची उबदार राहते. उलटा कारभार! याला म्हणतात इन्व्हर्जन. ही हवा वरखाली हलतच नाही. मोठ्या थर्मलची चिमणी 275 मीटरपर्यंत उंच असते, त्यामुळे तिचा धूर रात्रभर वरच तरंगतो. (शेकोटीचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर मात्र खालीच कोंडतो. तेव्हा पहाटेची हवा शुद्ध, हे सरसकट खरं मानू नका.)

मग ऊन पडतं. जमीन तापते, खालच्या हवेची घुसळण सुरू होते आणि ती हळूहळू वर चढते. ती धुराच्या पट्ट्यापर्यंत पोचली की वरचा दाट धूर एकदम खाली येतो. याचं नाव फ्युमिगेशन. म्हणजे वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्यांना सगळ्यात जास्त धूर मिळतो तो सकाळच्या कोवळ्या उन्हात, नेमका शाळेच्या आणि जॉगिंगच्या वेळी! तासाभरात घुसळण आणखी वर जाते आणि धूर पातळ होतो.

आणि हो, मोबाईलवरच्या एक्यूआयवर फार विसंबू नका. आपल्याकडचा अधिकृत आकडा धुळीसाठी आणि सल्फर डायऑक्साइडसाठी 24 तासांची सरासरी घेतो. सकाळचा तो एक तास त्यात दिसतच नाही. ॲपमध्ये ताशी आकडे असतील तर ते उघडून बघा.