कोठ्यातली हवा बिघडली की बकरी खोकते

ताईंनो, गटाचं कर्ज काढून आपल्यातल्या अनेक जणींनी बकऱ्या घेतल्या. बकरी मेली तरी हप्ता थांबत नाही. म्हणून चारा आणि लस यांच्याइतकंच कोठ्यातल्या हवेकडेही बघायला हवं.

पावसाळा : लेंड्या आणि मूत ओलसर राहिले की त्यातून अमोनिया वायू निघतो. त्याने श्वासनळीचं आतलं अस्तर खराब होतं, मग जंतूंना फुफ्फुसात शिरायला वाट मिळते आणि न्यूमोनिया होतो. पिल्लं जमिनीलगत बसतात, म्हणून त्रास आधी त्यांना. ओल्या जमिनीवर पिल्लांची हगवण आणि खुरांचे आजारही वाढतात.

तपासायचं कसं? सकाळी दार उघडल्याबरोबर पिल्लाच्या उंचीवर खाली बसा आणि श्वास घ्या. डोळे चुरचुरले, नाकाला झोंबलं, तर बकरीनं ते रात्रभर सोसलंय असं समजा. रोज लेंड्या काढा, जमिनीला उतार द्या, ओल्या जागी चुन्याची फक्की मारून कोरडं कुटार पसरा.

हिवाळा : घाटावर, चिखली-मेहकरकडे, थंडी वाजते म्हणून आपण कोठा प्लास्टिकनं चहूबाजूंनी बांधून टाकतो. मग श्वासाची वाफ आणि वास आतच कोंडतो. वाऱ्याच्या बाजूला खालून पोत्याचे पडदे लावा, पण छपराखाली वीतभर फट उघडी ठेवाच. वारा अंगावर नको, पण हवा खेळती हवी.

उन्हाळा : घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे टिनाचा कोठा दुपारी भट्टीच होतो. बकरीचं नेहमीचं तापमान 102 ते 103 अंश फॅरनहाइट. अंगातली उष्णता बाहेर पडेना की ती धापा टाकते, चारा सोडते, दूध आटतं. टिनावर पऱ्हाट्यांचा जाड थर द्या, मात्र चूल आणि विजेची तार जवळ नको. पाणी छपरावर शिंपडा. बंद कोठ्यात शिंपडलं तर दमटपणानं उकाडा आणखी वाढतो. प्यायचं पाणी सावलीत ठेवा.

दाटी : मोठ्या बकरीला साधारण 10 चौरस फूट जागा लागते. म्हणजे 10 बाय 10 च्या कोठ्यात दहाच बकऱ्या. नवा कोठा बांधणार असाल तर लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, ऊन आत कमी येतं.

खोकला, नाकातून शेंबूड, ताप किंवा चारा सोडणं दिसलं तर ती बकरी लगेच वेगळी बांधा. गावातल्या पशुसखीला सांगा किंवा 1962 या टोल फ्री नंबरवर फोन करा. उद्या बघू म्हणू नका.