घरची बोली, शाळेची भाषा आणि कायदा

'पावरा मुलांना मराठी लवकर आली म्हणजे झाले. त्यांच्या बोलीसाठी वेगळा खटाटोप कशाला?' मंडळ्यांना भेटी देताना हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे आपल्या कार्याला मनापासून हातभार लावणारे असतात, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देत आहे.

आपण खानदेशी माणसे. घरी 'कथा चालना?' आणि शाळेत 'कुठे चाललास?' एवढ्या अंतरानेही पहिलीतले लेकरू गोंधळते. चोपडा-यावलकडच्या सातपुड्यातील पावरा मुलासाठी किंवा नवापूरच्या मावची मुलीसाठी हे अंतर कितीतरी मोठे असते. अक्षर नवे आणि शब्दही नवा, अशी दोन ओझी एकाच दिवशी डोक्यावर येतात. मूल गप्प बसते आणि गुरुजींच्या नोंदीत 'अप्रगत' ठरते. मग ते गुरे राखायला किंवा आईबापांबरोबर ऊसतोडीला जाते, ते परत येत नाही. तेच अक्षर ओळखीच्या शब्दातून शिकवले तर निम्मे ओझे उतरते. पावरी, मावची देवनागरीत लिहिता येतात, त्यामुळे शिकलेले अक्षर पुढे मराठीलाही उपयोगी पडते. नर्मदा बचाव आंदोलनाने 1990च्या दशकात अक्कलकुवा-धडगाव भागात सुरू केलेल्या जीवनशाळांनी हाच मार्ग धरला.

'पण ती भाषा कुठे, बोलीच ना?' असेही ऐकू येते. धरणगावचे नाव भिल्लांच्या इतिहासात 1825 पासून आहे. जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण इथेच उभारली. सरकारला भिल्ल शिपाई हवा होता. त्यांच्या बोलींचे एकत्र सर्वेक्षण छापून यायला मात्र 1907 साल उजाडले. ग्रिअर्सनने त्या खंडात भिल्ली भाषांच्या शेजारी आपली खानदेशीही बसवली. तेव्हा नाक मुरडण्याआधी हे शेजारपण ध्यानात घ्यावे!

2011च्या जनगणनेत भिली गटाच्या भाषा बोलणारे 1,04,13,637 लोक नोंदले गेले. पावरी, मावची याच गटात मोजतात. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नसलेल्या भाषांत हा आकडा सर्वांत मोठा आहे. बोडो बोलणारे सुमारे 15 लाख, तरी 2003च्या 92व्या घटनादुरुस्तीने बोडो आणि संथाली अनुसूचीत आल्या, कारण त्यांच्यामागे दीर्घ चळवळ होती. भिली अनेक बोलींत आणि चार राज्यांत वाटली गेली आहे.

अनुसूचीत नसली तरी भाषेला कायद्याचा आधार मुळीच नाही, असे नाही. कलम 29 प्रमाणे स्वतंत्र भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेल्या कोणत्याही नागरिकगटाला ती जतन करण्याचा हक्क आहे. 1956 मध्ये आलेले कलम 350-अ सांगते की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यात मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यातही मातृभाषेचे माध्यम आहे, पण 'व्यवहार्य असेल तेथवर'. माझ्या मते सगळी गोम या तीन शब्दांत आहे. शिक्षक नाही, पुस्तक नाही, म्हणून व्यवहार्य नाही; आणि मागणी नाही, म्हणून पुस्तक नाही.

जर्मनीच्या पूर्व भागात सॉर्ब नावाचा छोटा समाज आहे. त्यांची भाषा बोलणारे एक लाखही नाहीत. त्यांचे पहिले छापील पुस्तक 1574चे, गीतांचे आणि प्रश्नोत्तरीचे. 1728 मध्ये संपूर्ण बायबल आले. नाझींनी 1937 मध्ये ही भाषा सार्वजनिक जीवनातून हद्दपार केली. 1948 मध्ये सॅक्सनीने तिच्यासाठी कायदा केला, आणि आज सॅक्सनी व ब्रांडेनबुर्ग या दोन्ही राज्यांच्या घटनांत तिला संरक्षण आहे. इतके असूनही घरातली भाषा आटत गेली. तेव्हा 1998 पासून त्यांनी बालवाड्यांत दिवसभर सॉर्बी बोलायला सुरुवात केली.

आपल्याकडे ही सोय काही पाड्यांवर आपोआप झालेली आहे. अंगणवाडी सेविका त्याच पाड्यावरची असली की लेकरांशी घरच्याच बोलीत बोलते. तिच्या हाती गोष्टींची, चित्रांची पुस्तके देणे हे काम मंडळ्यांना जमण्यासारखे आहे. खर्चही फार नाही.

दुसरे काम 2027च्या जनगणनेचे. प्रगणक मातृभाषा विचारतो आणि सांगाल ती लिहितो. पाड्यावरचा माणूस संकोचाने 'मराठी' सांगतो, किंवा प्रगणकच न विचारता तसे लिहून मोकळा होतो. पावरी बोलणाऱ्याने 'पावरी', मावची बोलणाऱ्याने 'मावची' असे स्पष्ट सांगावे, आणि काय लिहिले ते विचारून घ्यावे. आपले सेवक पाड्यांवरील उपासनेनंतर हे समजावून सांगणार आहेत. ज्यांना पावरी किंवा मावची येते अशा तरुणांनी त्यांच्याबरोबर यावे.