चित्राला पदक मिळतं तेव्हा

१९५५ साली ब्रिटनमधल्या ग्रंथपालांच्या संघटनेने मुलांच्या पुस्तकांतल्या उत्तम चित्रांसाठी एक पदक सुरू केलं. नाव ठरलं, नियम ठरले, परीक्षक बसले आणि पहिल्याच वर्षी त्यांनी पदक कुणालाही द्यायचं नाही असं ठरवलं. त्या तोडीचं एकही पुस्तक त्यांना दिसलं नाही. पुढच्या वर्षी एडवर्ड आर्डिझोनी यांचं ‘टिम ऑल अलोन’ आलं. हरवलेल्या आईवडिलांना शोधत निघालेल्या मुलाच्या या गोष्टीने केट ग्रीनवे पदकाला पहिला मानकरी मिळवून दिला.

लेखकांसाठीचं कार्नेगी पदक १९३६ पासून होतं. म्हणजे चित्रकाराचा मान जवळपास वीस वर्षं उशिरा आला. ज्यांचं नाव पदकाला दिलं त्या केट ग्रीनवे लाकडी ठसे कोरणाऱ्या कारागिराच्या कन्या. १८७९ मध्ये त्यांचं ‘अंडर द विंडो’ हे पुस्तक एडमंड इव्हान्स या मुद्रकाने रंगीत छापलं. नवख्या चित्रकर्तीच्या तब्बल २०,००० प्रती काढण्याचं धाडस त्याने केलं आणि त्या हातोहात खपल्या.

या पदकाचे परीक्षक समीक्षक किंवा प्रकाशक नसतात, तर मुलांच्या विभागात काम करणारे ग्रंथपाल असतात. कुठलं पुस्तक मुलं पुन्हापुन्हा मागतात हे त्यांना रोज दिसतं. त्यामुळे नुसत्या देखण्या रेषेवर ते भाळत नाहीत. चित्रं मजकुराची री ओढतात, की मजकुराने न सांगितलेलं काही सांगतात, हे ते तपासतात. १९८३ चं विजेतं पुस्तक, अँथनी ब्राउन यांचं ‘गोरिला’, पाहिलं की हे लगेच कळतं. हॅना या मुलीच्या वडिलांना तिच्यासाठी वेळ नाही, एवढंच शब्द सांगतात. चित्रात न्याहारीचं टेबल थंडगार रंगांत रंगवलेलं आहे आणि वडील वर्तमानपत्राच्या भिंतीआड बसलेत. मुलीचं एकटेपण त्या पानावर कुठेही लिहिलेलं नाही, तरी वाचणाऱ्याला ते जाणवतं.

परीक्षकांच्या निवडीने चित्रपुस्तकाच्या सीमाही रुंदावत गेल्या. रेमंड ब्रिग्ज यांना १९७३ मध्ये ‘फादर ख्रिसमस’साठी पदक मिळालं. थंडीच्या नावाने कुरकुरणारा त्यांचा नाताळबाबा चक्क कॉमिकसारख्या चौकटींतून वावरतो. २०१२ मध्ये ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ने तर इतिहासच घडवला. लेखक पॅट्रिक नेस यांना कार्नेगी आणि चित्रकार जिम के यांना ग्रीनवे, अशी दोन्ही पदकं एकाच पुस्तकाला मिळण्याची ती पहिलीच वेळ. पुढे हॅरी पॉटरच्या सचित्र आवृत्त्यांचं काम जिम के यांच्याकडे आलं.

नवख्यांसाठी निराळे दरवाजे आहेत. १९८५ पासून दिलं जाणारं मॅकमिलन पारितोषिक कलाविद्यार्थ्यांसाठी आहे. एमिली ग्रॅव्हेट यांनी काही वर्षं फिरत्या गाडीत संसार केला आणि मग ब्रायटनमध्ये चित्रकलेचं शिक्षण घेतलं. तिथे केलेल्या ‘वुल्व्ज’ या पुस्तकाला त्यांना मॅकमिलन मिळालं. वाचनालयातून लांडग्यांवरचं पुस्तक आणणाऱ्या सशाची ही गोष्ट आहे. वाचता वाचता लांडगा पुस्तकाबाहेर येतो. शेवटी हळव्या वाचकांसाठी शाकाहारी लांडग्याचा दुसरा शेवटही जोडलेला आहे. छापून आल्यावर याच पुस्तकाला २००५ चं ग्रीनवे पदक मिळालं. २०१६ पासून क्लाउस फ्लुगे पारितोषिक आहे, तेही पहिलंवहिलं चित्रपुस्तक करणाऱ्यांसाठीच.

मुलांच्या पुस्तकांपलीकडे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे पुरस्कार आहेत. त्यांत मुखपृष्ठं आणि नियतकालिकांतली चित्रंही विचारात घेतली जातात. १९७३ साली स्थापन झालेली ‘असोसिएशन ऑफ इलस्ट्रेटर्स’ ही व्यावसायिक चित्रकारांची संघटना जाहिरातींपासून पुस्तकांपर्यंतचं काम जोखणारी जागतिक स्पर्धा भरवते.

पदकाने पोट भरत नाही, ही अडचण मात्र जुनी आहे. कॉलिन मीअर्स या पुस्तकसंग्राहकाने मृत्युपत्रात ठेवलेल्या रकमेमुळे २००० पासून ग्रीनवे विजेत्याला ५,००० पौंड मिळू लागले. श्रेयाचा प्रश्न त्याहून चिवट निघाला. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर नाही, परीक्षणात नाही, विक्रीच्या नोंदींतही नाही, असं सर्रास चालत आलं होतं. सारा मॅकिन्टायर या चित्रकर्तीने ‘पिक्चर्स मीन बिझनेस’ ही मोहीम त्यासाठीच उभी केली. ज्याच्या नावाची नोंदच होत नाही, त्याच्या पुस्तकांचा खप दाखवता येत नाही आणि खप दाखवता आला नाही की पुढचं काम मिळवताना अडतं, हा तिचा मुद्दा.

या पुरस्कारांतलं ‘ब्रिटिश’ म्हणजे नेमकं काय, हेही पाहण्यासारखं आहे. ग्रीनवे पदकासाठी चित्रकाराचा पासपोर्ट पाहत नाहीत, पुस्तक ब्रिटनमध्ये प्रकाशित झालेलं असलं की पुरे. म्हणून विजेत्यांत कॅनडाचे सिडनी स्मिथ आहेत, ऑस्ट्रेलियाचे शॉन टॅन आहेत. भारतीय वंशाच्या पूनम मिस्त्री यांचं ‘यू आर सेफ विथ मी’ २०१९ च्या अंतिम यादीत होतं. पहिले मानकरी आर्डिझोनी यांचाही जन्म व्हिएतनाममधल्या हायफाँगचा. २०२३ मध्ये पदकाचं नाव बदललं, ग्रीनवे यांच्याऐवजी तिथे कार्नेगी आलं. त्या वर्षीचे विजेते जीत झ्डुंग व्हिएतनामचेच. अस्वलाच्या पिलाला जंगलात परत नेणाऱ्या मुलीची ‘सेव्हिंग सोर्या’ ही चित्रकथा त्यांनी रंगवली होती.

परीक्षकांची बैठक चालू असते तेव्हा देशभरातल्या शाळांत आणि वाचनालयांत मुलांचे गटही त्याच अंतिम यादीतली पुस्तकं वाचतात, वाद घालतात आणि आपली निवड कळवतात. मुलांच्या पसंतीचं पदक आता वेगळं दिलं जातं. २०२३ मध्ये मोठ्यांनी झ्डुंग यांना निवडलं, तर मुलांनी जो टॉड-स्टँटन यांच्या ‘द कॉमेट’ला. गावाकडचं घर सोडून वडिलांबरोबर शहरात राहायला आलेल्या मुलीची ती गोष्ट आहे.