अमेरिकन फुटबॉलची ओळख, भाग ६ : चेंडू कुठे टाकायचा नाही

२०२३ च्या एप्रिलमध्ये, एनएफएलच्या ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) तोंडावर, ओहायो स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड याचे एका चाचणीतले गुण फुटले. ‘एस-२’ नावाची ही संगणकावरची चाचणी खेळाडूची नजर किती लवकर टिपते आणि निर्णय किती झटपट होतो, हे मोजते. बातम्यांत आकडा आला १८. म्हणजे चाचणी दिलेल्यांतले बहुतेक जण त्याच्या पुढे. हा मुलगा वरच्या पातळीवर टिकेल का, अशी चर्चा लगेच सुरू झाली.

मागच्या भागात चार डाउन आणि दहा यार्डांचा हिशेब पाहिला. तो हिशेब जुळवणारा माणूस क्वार्टरबॅक. एका डावातून दुसऱ्या डावाकडे जायला चाळीस सेकंद मिळतात. प्रशिक्षकाचा आवाज त्याच्या हेल्मेटमधल्या रेडिओतून येतो आणि घड्याळात पंधरा सेकंद उरले की बंद होतो. तेवढ्यात ती लांबलचक सांकेतिक सूचना दहा सहकाऱ्यांना सांगायची, समोरची बचावफळी न्याहाळायची, गरज पडली तर बेतच बदलायचा. क्रिकेटमध्ये फलंदाजाने पाहून ठेवलेली क्षेत्ररचना चेंडू पडेपर्यंत बहुधा तशीच असते. इथे चेंडू हातात येताक्षणी ती हलते. मग जेमतेम अडीच-तीन सेकंद. पहिला सहकारी मोकळा नाही, दुसरा नाही, तिसरा? आणि तोवर सव्वाशे किलोचे गडी अंगावर येत असतात. स्ट्राउडच्या काळात महाविद्यालयीन खेळात हेल्मेटमधल्या रेडिओला परवानगीही नव्हती. सूचना मैदानाच्या कडेवरून खुणांनी येत. नवख्या क्वार्टरबॅकला पहिल्या वर्षी धाप लागते ती यामुळे. दंडातली ताकद सगळ्यांकडेच असते.

त्यात ड्राफ्टचा नियम असा की सर्वांत दुबळ्या संघाची निवड आधी. साहजिकच उत्तम नवा क्वार्टरबॅक बहुधा मोडकळीला आलेल्या संघात जाऊन पडतो. ह्यूस्टन टेक्सन्स तसाच संघ होता: २०२० ते २०२२ या तीन हंगामांत मिळून अकरा विजय. २०२२ च्या हंगामातला शेवटचा सामना त्यांनी इंडियानापोलिसविरुद्ध ३२-३१ असा जिंकला आणि त्या विजयानेच पहिल्या निवडीचा हक्क हातचा गेला. तो शिकागोकडे गेला, शिकागोने तो कॅरोलायनाला दिला आणि कॅरोलायनाने क्वार्टरबॅक ब्राइस यंगला घेतले. ह्यूस्टनच्या वाट्याला दुसरा क्रमांक, म्हणजे स्ट्राउड. प्रशिक्षकही नवाच, डिमेको रायन्स. या पदावर त्याचे ते पहिलेच वर्ष.

पहिले दोन सामने ह्यूस्टन हरले. पण स्ट्राउडचा एकही पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागला नव्हता. तिसऱ्यात नाही, चौथ्यात नाही, पाचव्यातही नाही. कारकिर्दीच्या सुरुवातीला इंटरसेप्शनशिवाय सर्वाधिक पास टाकण्याचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटचा १७६ चा विक्रम मागे पडला आणि स्ट्राउड १९१ पर्यंत पोहोचला. माझ्या मते त्या हंगामातला सर्वांत बोलका आकडा हाच. हा काही बिचकत, जवळच्या जवळ पास देऊन मिळवलेला आकडा नव्हे; त्याचे पास मैदानात खोलवर जात होते. कुठे टाकायचा नाही हे त्याला कळत होते, म्हणूनच बाकी सगळीकडे तो बेधडक टाकू शकत होता.

५ नोव्हेंबरचा टॅम्पा बेविरुद्धचा सामना जमल्यास अवश्य पाहा. ह्यूस्टनचा किकर जखमी झाल्याने डेअर ओगुनबोवाले या रनिंग बॅकने फिल्ड गोल मारला. शेवटचे ४६ सेकंद उरले तेव्हा ह्यूस्टन ३३-३७ असे मागे होते आणि समोर ७५ यार्ड. साध्या फिल्ड गोलने भागणार नव्हते, टचडाउनच हवा होता. स्ट्राउडने घाई केली नाही. एकामागून एक पास पोहोचत गेले आणि सहा सेकंद बाकी असताना टँक डेलने टचडाउन झेलला. ३९-३७. त्या दिवशी स्ट्राउडचे ४७० यार्ड झाले; नवख्या खेळाडूसाठी तो एका सामन्यातला विक्रम ठरला.

मेंदूला मार लागल्याने दोन सामने हुकले, तरी हंगामाअखेर ४,१०८ यार्ड, २३ टचडाउन आणि ४९९ पासांत फक्त पाच इंटरसेप्शन. आदल्या वर्षी तीन सामने जिंकलेल्या संघाने दहा जिंकले, गटात पहिला आला आणि प्लेऑफमध्ये क्लीव्हलँडला ४५-१४ असे हरवले. प्लेऑफचा सामना जिंकणारा सर्वांत तरुण क्वार्टरबॅक स्ट्राउड ठरला. त्याच वर्षी यंगच्या कॅरोलायनाने १७ पैकी दोन सामने जिंकले. यावरून यंगला नालायक ठरवणे मला पटत नाही. ह्यूस्टनकडे पास झेलणारे दोन चपळ गडी होते, नको तिथे धोका न पत्करणारी योजना होती. चाचणीचा कागद यातले काहीच मोजत नाही, आणि सामन्यातला स्ट्राउडही त्याला मोजता आला नाही.

दुसऱ्या वर्षी मात्र गणित अवघड झाले. २०२४ मध्ये त्याची इंटरसेप्शन पाचांवरून बारांवर गेली. पास झेलणारे स्टेफॉन डिग्ज आणि टँक डेल गुडघ्याच्या दुखापतींनी बाहेर पडले. त्याहून मोठे कारण असे, की पास सुटण्याआधीच स्ट्राउड ५२ वेळा पाडला गेला. पहिल्या वर्षी हा आकडा ३८ होता. त्याच्यापुढे भिंत होऊन उभे राहायचे ते पाच जणांनी. टीव्हीवर त्यांची नावेही क्वचित ऐकू येतात. त्या पाच जागा, त्यांची कामे आणि ती रांग फुटते कशी, हे पुढच्या आठवड्यात पाहू.