अपयशाची वर्षे कोणाच्या खाती?

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून प्रो कबड्डी लीगचे विजेतेपद मिळविले. २०१४ साली ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाल्यापासून पलटणचे हे पहिलेच अजिंक्यपद. २०१६ साली झालेल्या दोन्ही स्पर्धांत हा संघ उपांत्य फेरीत अडखळून तिसऱ्या क्रमांकावर राहिला होता, आणि डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईच्या अंतिम सामन्यात जयपूरकडून अवघ्या चार गुणांनी हरला होता. आमच्या जालना जिल्ह्यात कबड्डी अद्यापि शाळेमागच्या मातीत खेळली जाते. तेथे या यशाचे कौतुक व्हावे हे स्वाभाविकच. परंतु कौतुकाबरोबर थोडा हिशेबही मांडावासा वाटतो. अर्थशास्त्राच्या अध्यापकाची ही खोड वाचकांनी सहन करावी.

त्या हंगामाच्या लिलावात प्रत्येक संघास खेळाडूंवरील खर्चाची मर्यादा ५ कोटी रुपयांची होती. त्यांपैकी २ कोटी ३५ लाख पलटणने महंमदरेझा शादलुई या एकाच इराणी बचावपटूवर वेचले. विजेत्यास मिळणारे पारितोषिक मात्र ३ कोटींचे! उरलेले खेळाडूही अशाच चढ्या भावाने घ्यावे लागले असते, तर संघ उभाच राहता ना. पण अस्लम इनामदार, पंकज मोहिते, मोहित गोयत ही मुले नाव होण्यापूर्वीच संघात आली होती आणि पराभवाच्या वर्षांतही संघाने त्यांना सोडले नव्हते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेला अस्लम दुखापतीमुळे २०२२ चा अंतिम सामना खेळू शकला नव्हता. पुढच्या हंगामात तोच कर्णधार झाला. साखळीतील २२ सामन्यांपैकी संघ केवळ २ हरला. अंतिम सामन्याच्या पूर्वार्धात पंकजने एकाच चढाईत चार गुण आणून पारडे फिरविले.

प्रतीक्षेची किंमत संघाच्या मालकास परवडते. खेळाडूच्या घरास ती परवडते काय? संघ मुलाला हेरतो तो बहुधा तयार झाल्यावर. त्याआधीच्या पाच-सात वर्षांचा खुराक, प्रवास, दुखापती यांचा भार आईबाप आणि एखादा तळमळीचा क्रीडाशिक्षक वाहतो. घनसावंगी तालुक्यातील माझा एक विद्यार्थी उत्तम चढाईपटू होता. दुसऱ्या वर्षात असताना त्याचा गुडघा निखळला. वडिलांची शेती कोरडवाहू. त्यांनी उसनवारी करून शस्त्रक्रिया केली, पण पुढील सहा महिने त्याला नुसते बसवून पोसणे त्या घरास शक्य नव्हते. आज तो एका पोलाद कारखान्यात पाळीवर जातो. "सर, अस्लमला थांबायला संघ होता," एवढेच तो म्हणाला.

शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, हे खरे. परंतु त्याचा लाभ पदक हाती आल्यानंतरचा. पदकाच्या एक पायरी अलीकडे जायबंदी झालेल्या मुलासाठी त्यात काही नाही. कबड्डीत आता कोट्यवधींची उलाढाल होते. लीगच्या उत्पन्नाचा एक लहानसा अंश बाजूला काढून जिल्हा पातळीवर मैदानात उतरणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचा दुखापतविमा उतरविणे, आणि बरे होईपर्यंतच्या महिन्यांसाठी काही निर्वाहवेतन देणे, ही मागणी संघटनांनी आणि आपण शिक्षकांनी पुढील लिलावापूर्वीच लावून धरली पाहिजे.