शाप, उःशाप आणि वीस बाजूंचा फासा

वसंतातल्या प्रसन्न संध्याकाळी शापाविषयी काय बोलावयाचे, असे काही मंडळींना वाटेल. तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आम्हाला ज्या शापाविषयी बोलावयाचे आहे तो कोणाला द्यावयाचा नाही, खेळावयाचा आहे. आणि तो नीट खेळता यावा म्हणून आपल्याच मुलखातल्या काही दगडांकडे पुन्हा एकदा पाहावयाचे आहे.

प्रथम खेळ कोणता ते सांगितले पाहिजे. चार-पाच माणसे टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात : कोणी शिपाई, कोणी वैदू, कोणी चोर, कोणी मंत्रवेत्ता. पट असतोच असे नाही. सूत्रधार म्हणतो, "रात्र झाली आहे, नदीला पाणी आहे आणि पलीकडच्या काठावर मशाली दिसत आहेत. काय करता?" ज्याने त्याने आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर द्यावयाचे. यशापयशाची खात्री नसेल तेथे वीस बाजूंचा फासा टाकावयाचा. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ह्या नावाने असा पहिला खेळ छापून प्रसिद्ध केला. आता मुंबई-पुण्याकडची तरुण मंडळीही तो तासन्‌तास खेळत बसतात. ज्यांना हा पोरखेळ वाटतो त्यांनी सोंगी भजन आठवावे. सोंग आणि कथा ह्यांची गोडी आपल्याला कोणी बाहेरून आणून लावलेली नाही.

ह्या खेळात शाप पहिल्यापासून आहे. पण तो बहुधा फार स्वस्त आहे. जुन्या नियमपुस्तकांत एक शापित तलवार असते. दिसायला उत्तम, हाती घेतली की लढण्याचे बळ घटते, आणि टाकू म्हटले तर टाकता येत नाही. खेळाडूने तिला हात लावण्यापूर्वी तिच्यात काही खोट आहे हे कळण्याला मार्ग नसतो. ही झाली शापाची एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा उतरवण्याची. शापनिवारणाचा एक तयार मंत्रच नियमपुस्तकात दिलेला आहे. २०१४ सालच्या आवृत्तीप्रमाणे पुरोहिताचे पात्र पाचव्या पायरीला पोचले की त्याला तो म्हणता येतो, आणि माणसावरचा शाप त्या क्षणी पुसला जातो. म्हणजे शाप लागला तो न कळता आणि गेला तो न झगडता. कपड्याला डाग पडावा आणि धोब्याने तो काढावा, तसला हा प्रकार. मोक्षपटावरच्या सापाचेही असेच आहे. सोंगटी त्याच्या तोंडी गेली ती फाशामुळे. त्या घरावर एखाद्या दुर्गुणाचे नाव लिहिलेले असले तरी खेळणाऱ्याने तो दुर्गुण केलेला नसतो.

आता आपल्याकडचा शाप पाहा. जांभूळपासून जवळच अंबरनाथचे शिवालय आहे. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा असून त्यात शिलाहार राजा मम्वाणीचे नाव आहे. ह्याच शिलाहारांच्या उत्तर कोकणात, आजच्या ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत, शेताच्या बांधाला किंवा देवळाच्या आवारात एक विशिष्ट प्रकारचे दगड आढळतात. त्यांना गधेगाळ म्हणतात. वरच्या भागात चंद्र आणि सूर्य, मधे दानाचा लेख (कधी तो नसतोही), आणि खाली गाढव व स्त्री ह्यांचे असे चित्र, की ज्याचे वर्णन ह्या सभेत अधिक न केलेले बरे. अर्थ असा की, ही जमीन दान दिली आहे. चंद्रसूर्य आहेत तोवर हे दान चालेल. जो कोणी ते मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होवो.

परळच्या ११८७ सालच्या दगडावर हा प्रकार स्पष्ट दिसतो. राजा दुसरा अपरादित्य. दानाचा तपशील संस्कृतात आणि शेवटची शिवी मराठीत! आम्हाला ह्यात मोठे शहाणपण दिसते. दान कोणी कोणाला दिले हे पंडितांनी वाचले तरी चालण्यासारखे होते. ते मोडले तर काय होईल हे मात्र नांगर धरणाऱ्याला आणि गावच्या अधिकाऱ्यालाही समजले पाहिजे. ज्याला मराठीही वाचता येत नाही त्याच्यासाठी खाली चित्र आहेच. ताम्रपटांतूनही दान हरण करणाऱ्याला साठ हजार वर्षे नरकवास सांगितलेला असतो. पण ताम्रपट पेटीत राहतो आणि गधेगाळ पावसापाण्यात उभा असतो. हा शाप अपराध घडण्यापूर्वी रोवून ठेवलेला आहे. जो त्याला ओलांडतो तो जाणूनबुजून ओलांडतो.

आमच्या मते सूत्रधाराने प्रथम घ्यावयाची गोष्ट ही. शाप आधी दिसला पाहिजे. खेळाडूने तो वाचावा, हसावे, हुज्जत घालावी आणि मग हात लावावा. त्यानंतर जे काही होईल त्याला तो सूत्रधाराची लबाडी म्हणणार नाही.

आम्ही हे काही मंडळींबरोबर खेळून पाहिले. काळ शिलाहारांचा घेतला. पात्रे चार : एक शिपाई, एक लेखक, एक गोसावी आणि एक कुंभारीण. नदीकाठच्या एका गावात देवळाला दिलेले शेत, त्याच्या बांधावर दगड, आणि ते शेत बळकावू पाहणारा एक नवा अधिकारी. त्याने चौघांना पैसे देऊ केले : रात्रीतून दगड हलवा, चार शेते पलीकडे नेऊन रोवा. लेखकाने लेख वाचून दाखवला. शिपाई म्हणाला, "दगड तो दगड." आणि हलवला.

पुढे काय करावे? नियमपुस्तकाच्या रीतीने त्याच्या बळातून दोन गुण वजा करता आले असते. ते आम्ही केले नाही. गधेगाळ हा सीमेचा आणि साक्षीचा दगड. त्याच्याशी खोटे वागणाऱ्याची साक्ष खोटी ठरावी, हेच त्याला शोभते. म्हणून शिपायाने खरे सांगितले तरी कोणी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही, असे ठरवले. दुसऱ्याची खात्री पटवण्याचा प्रसंग आला की त्याने फासा दोनदा टाकावा आणि लहान आकडा घ्यावा. परिणाम फार मौजेचा झाला. पूर येत असल्याची बातमी पहिल्यांदा शिपायालाच कळली, आणि गावात ती कोणी ऐकेना! अखेर त्याला लेखकाच्या तोंडून बोलावे लागले. अपराधाला साजेसा शाप असला की तो स्वतःच कथा पुढे नेतो, सूत्रधाराला ढकलावे लागत नाही.

आता उःशाप. हा शब्द आपल्याकडे आहे ही मोठी सोय आहे. आपल्या पुराणांत शाप सहसा मागे घेतला जात नाही, कारण तपस्व्याचे वचन खोटे ठरत नाही. तो वाकवला जातो. त्याला मुदत मिळते, अट मिळते, खूण मिळते. दुर्वासाच्या शापाला कालिदासाने अंगठीची खूण ठेवली आणि त्यातून पुढचे अंक उभे राहिले. उर्वशीने अर्जुनाला दिलेला शाप एका वर्षापुरता झाला आणि विराटाच्या घरी अज्ञातवासात तोच त्याच्या उपयोगी पडला. जयविजयांना तर निवड करावयास सांगितले होते : सात जन्म भक्त म्हणून, की तीन जन्म शत्रू म्हणून? खेळाच्या टेबलावर असा प्रश्न टाकून पाहा. अर्धा तास कोणी फाशाला हात लावणार नाही.

परंतु खेळाच्या दृष्टीने सर्वांत खोल उःशाप ययातीचा. शुक्राचार्यांनी त्याला अकाली वार्धक्याचा शाप दिला. विनवणी केल्यावर सवलत मिळाली ती अशी की, कोणी आपखुशीने आपले तारुण्य देऊन हे वार्धक्य घेईल तर ते त्याला देता येईल. पाच पुत्रांपैकी चौघांनी नकार दिला, धाकट्या पुरूने ते घेतले. ह्यात शापाचे ओझे नाहीसे होत नाही, फक्त खांदा बदलतो. चार मित्र एका टेबलाशी बसले आहेत आणि त्यांतल्या एकावर असा शाप आहे, अशी कल्पना करा. त्याला दुसऱ्याकडे तोंड वळवून विचारावे लागते, "तू घेशील का?" नकार देणाऱ्याला कारण द्यावे लागते. घेणाऱ्याला पुढच्या प्रत्येक खेपेला त्याची किंमत मोजावी लागते. तयार मंत्राने शाप पुसणाऱ्या पुरोहिताला हे सारे चुकते, आणि आमच्या मते खेळातला उत्तम भागच चुकतो. सूत्रधाराने तो मंत्र काढून टाकावा असे नाही. मंत्राने शापाची अट काय ती उमजते, एवढेच त्याचे सामर्थ्य ठेवावे, म्हणजे झाले.

येथवर सर्व सुरळीत होते. अडचण पुढच्या बैठकीत आली.

कुंभारणीचे पात्र घेतलेल्या तरुण मुलीने विचारले, "दगड हलवला शिपायाने. मग चित्रात त्याची आई का?"

आम्ही सूत्रधार होतो आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. काळाची रीत, असे काहीसे आम्ही म्हणालो. तिने ते मानले नाही, आणि तिचे बरोबर होते. आठशे-हजार वर्षे हे दगड उभे आहेत आणि अपराध करणाऱ्या पुरुषाला धाक घालण्यासाठी, जिने काही केले नाही अशा बाईला त्यांवर खोदून ठेवले आहे. हे केवळ जुन्या काळचे म्हणून सोडून देता येत नाही. गावात रोगराई आली, गुरे मेली की एखाद्या एकट्या बाईला चेटकीण ठरवण्याचे प्रकार महाराष्ट्रात आपल्या काळातही घडले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यानंतर, त्याच वर्षी राज्याने जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यात कोणावर असा आळ घेऊन छळ करणे हा गुन्हा ठरवला आहे. म्हणून खेळातला शाप कोणत्या पात्रावर पडतो इतकेच पाहून भागत नाही. त्याची झळ टेबलाशी बसलेल्या कोणत्या माणसाला लागते, हेही पाहावे लागते. ज्या घरात आजार आहे त्या घरच्या खेळाडूच्या पात्राला रोगाचा शाप देऊ नये. जातीवरून, बाईपणावरून, वांझपणावरून शाप रचू नये. बैठक सुरू होण्यापूर्वी कोणाला काय नको आहे ते सरळ विचारून घ्यावे. त्यात संकोच कसला? जेवायला बोलावतानाही आपण पथ्य विचारतोच.

त्या मुलीने मग खेळातच तोड काढली. कुंभारीण म्हणाली, दगड जागेवर परत नेऊ, पण तो पालथा घालू, आणि शेजारी मी मातीची नवी पाटी भाजून लावीन. तिच्यावर चंद्रसूर्य राहतील, शेताच्या सीमा राहतील, खालचे चित्र राहणार नाही. गोसाव्याने शंका घेतली : चित्र नसेल तर लोक भितील कशाला आणि शेत राहील कसे? लेखक म्हणाला, ज्याने सीमा मोडली त्याचे नाव खाली लिहीत जाऊ. शिपायाला अर्थातच ते पटले नाही, पहिले नाव त्याचेच लागणार होते! उःशापाची अट आम्ही एवढीच ठेवली होती की, दगड गावासमक्ष परत जावा. त्यामुळे पाटी चालेल की नाही, हे ठरवण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही ते गावाकडे, म्हणजे चौघांकडेच सोपवले. वाद साडेअकरापर्यंत चालला. फासा टेबलावर तसाच पडून होता. तो त्या रात्री कोणी उचललाच नाही.